डाव्या कुशीचं झाकण

अहो, इकडं, तोंडाकडं बघा. आलेला माणूस आधी कुशीकडंच बघतो, म्हणून सांगावं लागतं. मी वानऱ्या बोलायलोय. जातीचा देवणी बैल, वय चौदा, निम्मे दात गेलेले, आणि डाव्या कुशीत थेट पोटात जाणारं एक भोक. भोकाला काळं रबरी झाकण आहे. ते काढून कोपरापर्यंत हात घातला की मी सकाळी काय खाल्लं ते दुपारी बाहेर काढून बघता येतं. अशी सोय माणसांना असती तर "आज माझा कडक उपास आहे" म्हणणाऱ्या किती जणांची पंचाईत झाली असती, याचा हिशेब मी उभ्या उभ्या करतो. वेळ बरा जातो.

शिक्षण म्हणाल तर सात-आठ वर्षं वर्गातच उभा आहे. निम्मं कळलं, निम्मं शेपटीनं उडवलं. परीक्षा एकही दिली नाही, त्यामुळं नापास मात्र कधी झालो नाही. इथल्या सगळ्या पोरांना असं छातीवर हात ठेवून सांगता यायचं नाही.

माझा जन्म चिटगुप्प्याजवळच्या एका खेड्यात, राजूबाईच्या गोठ्यात झाला. अंग पांढरं आणि तोंड काळं, ही आमच्यातल्या वानेरा रंगाची खूण. राजूबाई म्हणाली, "हे बघा, आईच्या पोटातनं न्हाई, चुलीतनं आलंय." आणि नाव पडलं वानऱ्या. नावाला मी जागलो. तिचा पोरगा शिवराज, त्याच्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा ओसरीवर ठेवला होता, तो मी निम्मा खाल्ला. ज्यांना पत्रिका मिळाली नाही ते सोयरे अजून शिवराजवर रुसून आहेत. तांबूस रंगाची पत्रिका होती, चवीला बरी.

औताला जुंपलं की शिवराजला घाई असेल त्या दिवशी मी बरोबर बांधाच्या कडेला बसायचो. तो शिव्या द्यायचा. माझा जोडीदार सर्ज्या मात्र गरीब स्वभावाचा. मी बसलो की तोही बसायचा, पण तोंड अपराध्यासारखं करून.

सर्ज्याला तुरीच्या रानात पान लागलं, म्हणजे साप चावला. दुपारपर्यंत गेला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढं ती सवय गेली.

एकट्या बैलाचं शेतात काय करायचं? शिवराजनं ट्रॅक्टर सांगितला. व्यापारी दोनदा येऊन माझी पाठ दाबून गेला. राजूबाईनं त्याला चहासुद्धा विचारला नाही. "माझ्या हातानं ह्याला तुझ्या गाडीत चढवायची न्हाई," म्हणाली. तेवढ्यात बिदरच्या अलीकडच्या जनावरांच्या संशोधन केंद्रातून डॉक्टर अन्नपूर्णाबाई आली. नवीन नोकरी, जाड चष्मा, पायात शेणाला न शोभणारी चप्पल. तिला धडधाकट देवणी बैल पाहिजे होते.

"काय करणार त्याचं?" राजूबाईनं विचारलं.

"अक्का, पोरांना शिकवायला लागतो. आणि चाऱ्याचा अभ्यास करायचाय. कुठला चारा अंगी लागतो ते बघायचं."

"मंजी खायला घालणार?"

"व्हय, खायलाच घालणार."

खोटं काही नव्हतं. निम्मं होतं. राजूबाईनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि कासरा त्या बाईच्या हातात दिला.

केंद्रात सहा महिने मजेत गेले. बसलिंगप्पा नावाचा माणूस आमची देखभाल करायचा. तो माझ्याशी कन्नडात बोलायचा, मी दोन्ही भाषांत ऐकायचो नाही. मग एका सकाळी मला लोखंडी कठड्यात उभं केलं, डाव्या कुशीचे केस भादरले आणि ओळीनं सुया टोचल्या. थोड्या वेळानं ती बाजू माझी राहिलीच नाही. शेजारच्या बैलाची असावी तशी झाली. शिंपी कापड कापतो तसा आवाज मी ऐकला. कुणाचं तरी काहीतरी कापायलेत, एवढंच कळलं. कापत होती अन्नपूर्णाबाई. तिनं पहिल्यांदाच असं केलं होतं. झाल्यावर ती बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आली.

सुयांचा असर उतरला तेव्हा ती बाजू परत माझी झाली आणि चार दिवस मी वैरणीला तोंड लावलं नाही. नंतर दुखणं गेलं. पण भोकाच्या कडेची बोटभर कातडी बधिर राहिली ती राहिलीच. तिथं माशी बसली तरी मला कळत नाही, दुसऱ्यानं सांगावं लागतं. हळूहळू माझ्यात बऱ्याच गोष्टी अशाच व्हायला लागल्या. घडायच्या, आणि मला दुसऱ्याच्या तोंडावरून कळायच्या.

मग रोजचं काम सुरू झालं. नायलॉनच्या बारक्या पिशव्यांत तुरीचं भुसकट, उसाचं वाढं, कडबा असं काहीबाही भरून, दोरी बांधून झाकणातून आत सोडायचं. दिवसभरानं दोरी ओढून काढायचं, धुऊन वाळवून वजन करायचं. जेवढं कमी झालं तेवढं माझ्या अंगी लागलं. पहिल्या वर्षी अन्नपूर्णाबाई हात घालताना "वानऱ्या, हां बाळा, झालं हां" म्हणायची. तिसऱ्या वर्षापर्यंत तिचा एक हात माझ्या पोटात असायचा आणि खांद्यानं कानाला फोन धरून ती गॅस सिलिंडरची चौकशी करायची. मला राग आला नाही. मीही रवंथ करत होतो. दोघंही सवयीचे झालो.

आता राजूबाईचं ऐका, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

ती दर कारहुणवीला यायची. कारहुणवी म्हणजे आमचा सण, त्या दिवशी बैलाला न्हाऊ घालून, शिंगं रंगवून, गेरूत वाटी बुडवून अंगावर गोल ठसे उठवतात. पहिल्या वर्षी ती फाटकात आली तशी केंद्राचे मोठे साहेब हणमंतराव घाबरले. खेड्यापाड्यांत आधीच बोललं जात होतं की इथं जनावरं जिती फाडतात. साहेब म्हणाले, "तिला भोक दिसलं तर उद्या दारात शंभर माणसं. भिंतीला लावा त्याला." बसलिंगप्पानं मला डावी कूस भिंतीला टेकवून उभं केलं, मागं बांबू आडवा टाकला. आणि अन्नपूर्णाबाईच पुढं होऊन म्हणाली, "अक्का, इकडून या."

राजूबाईनं उजव्या बाजूला ठसे उठवले, पोळी चारली. "दुसऱ्या बाजूनं?" म्हणाली.

"तिकडं मी लावतो, अक्का. जागा अडचणीची हाय," बसलिंगप्पानं वाटी घेतली.

पाच वर्षं असंच. पाच वर्षं मी उजवीकडून नवरदेव आणि डावीकडून कोरडा. बसलिंगप्पा तिच्या पाठीमागं तो गेरू स्वतःच्या सायकलीच्या मडगार्डला फासायचा. माझी थट्टा एरवी मला आवडते, पण ही दुसऱ्यानं केलेली होती.

पोळी चारताना राजूबाई गावचं सगळं सांगायची. "लोक म्हणायलेत, तिथं बैल फाडतात. मी म्हणलं, मी डोळ्यानं बघून यायलेय न्हवं? माझ्या वानऱ्याला ओरखडा न्हाई. डेअरीवर सगळ्यांम्होरं शपथ घेतली बघ मी, लेकराची." तिच्या त्या शपथेवर गावातल्या चौघांनी आपली वासरं केंद्राला दिली होती. अन्नपूर्णाबाई दाराशी उभी राहून हे ऐकायची आणि चष्मा पुसायची. एकदा तिनं साहेबांना विचारलं, "आपण तिला सांगूया का?" साहेब म्हणाले, "चाललंय ना नीट? मग?" तीही गप्प बसली. मी तर बसलेलोच होतो.

सहाव्या वर्षी वरून कागद आला. जनावरांवर काय प्रयोग करता, कशासाठी करता, ते लोकांना बोलावून उघडपणे सांगा. साहेबांना घाम फुटला. मग त्यांनी त्यांच्या पद्धतीनं उघडपणा करायचा ठरवला. दिवस निवडला कारहुणवीचा, मांडव घातला, फाटकावर कन्नडात आणि खाली मराठीत फलक लावला: "आमचं दार सर्वांसाठी उघडं." आणि भोकं असलेल्या आम्हा तिघा बैलांना लालभडक झुली घातल्या. झूल पोटाखालपर्यंत. आरसे, गोंडे, सगळं. भिंत सोडवून आम्हाला मोकळ्या पटांगणात उभं केलं. साहेबांच्या डोक्यात एकच राहिलं होतं की झूल असली की भिंत लागत नाही. आत हात घालणारं कुणी येणार आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

भाषण सुरू झालं. साहेब माईकवर म्हणाले, "आमच्याकडे लपवण्यासारखं काहीएक नाही." नेमकं त्याच वेळी माझं झाकण थोडं सैल होतं. पोटातला वायू फुस्सदिशी बाहेर आला आणि झूल अशी फडफडली की पुढच्या रांगेतल्या दोन बायका नाकाला पदर लावून मागं सरकल्या. शपथेवर सांगतो, अर्धं आपोआप झालं. उरलेलं अर्धं मी केलं.

राजूबाई आली ती थेट माझ्याकडं. उजव्या बाजूची झूल वर सारून पाच ठसे उठवले. मग वळसा घालून डावीकडं निघाली. बसलिंगप्पा धावला.

"अक्का, द्या वाटी. तिकडं मी—"

"पाच वर्षं तूच लावायलास की रं. आज मोकळा उभाय, मी लावते. सर बाजूला."

तिनं झुलीखालून हात घातला, बघितलंसुद्धा नाही. हाताला जागा पाठ होती. वाटी टेकवली ती रबरावर. टप्प आवाज झाला. तिनं परत टेकवली. परत टप्प. मग तिनं झूल उचलून माझ्या पाठीवर टाकली.

काळ्या झाकणावर गेरूचे दोन अर्धे गोल उठले होते.

साहेब माईक सोडून आले. "अहो बाई, ते जुनी जखम होती, त्याच्यावर औषधाचं—"

"साहेब, न्हाई," अन्नपूर्णाबाई म्हणाली. तिचा आवाज फार मोठा नव्हता, पण माईक चालू राहिलेला होता. "अक्का, जखम झाली न्हाई. मी केली. ह्या हातानं."

"कवा?"

"तुम्ही दिल्यावर सहा महिन्यांनी."

"मंजी मी पयल्यांदा आले तवा व्हतं?"

"होतं."

"आन् तुम्ही म्हणाला, अक्का, इकडून या."

"व्हय. मीच म्हणाले."

राजूबाईनं वाटी खाली ठेवली. मग विचारलं, "दुखलं का त्याला?"

"कापताना न्हाई. सुया दिल्या होत्या. नंतर दुखलं. औषध चालू होतं, तरी चार दिवस त्यानं खाल्लं न्हाई."

"आन् आता?"

"आता दुखत नसावं. खातो, रवंथ करतो, वजन बरं आहे. पण अक्का, त्याला विचारता येत न्हाई. शंभर टक्के दुखत न्हाई, असं मी सांगू शकत न्हाई."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, याचा मी विचार केला. कान हलवला.

"कशापायी केलं?"

अन्नपूर्णाबाईनं सांगितलं. कडबा संपतो त्या दिवसांत तुरीच्या भुसकटात काय मिसळलं तर गाय तग धरते, ते ह्याच्या पोटातून कळलं. एखादी गाय रवंथ करायची थांबली की ह्याच्या पोटातलं पाणी काढून तिला पाजतात, त्यानं बऱ्याच वाचल्या, काही वाचल्या नाहीत. हे सगळं तिनं भाषणासारखं नाही, हजेरी दिल्यासारखं सांगितलं.

"झाकण काढा," राजूबाई म्हणाली.

अन्नपूर्णाबाईनं तिच्या हाताला लांब मोजा चढवायला घेतला. राजूबाईनं तो बाजूला केला, बांगड्या मागं सारल्या आणि नुसता हात कोपरापर्यंत आत घातला.

त्या हातानं मला जन्मल्यावर पुसलं होतं. नांगराचं जू काढल्यावर खांदा चोळला होता. म्हणून मी वाट बघितली. मला काही कळलं नाही. आत काहीतरी आलं आणि थांबलं, पिशवी असते तसं. मग मला जे एक येतं ते मी केलं, मोठ्ठा ढेकर दिला. मांडव हसला. साहेबसुद्धा हसले, सुटल्यासारखे. राजूबाई हसली नाही.

"गरम हाय," एवढंच म्हणाली. हात काढला, नळावर धुतला. उरलेली पोळी माझ्यापुढं ठेवली आणि मानेवर हात न फिरवता फाटकातून निघून गेली.

"झालं! झालं समाधान?" साहेब अन्नपूर्णाबाईवर ओरडले. "आता बघा गावभर काय होतं ते!" ती पालथ्या बादलीवर बसून होती. दुसऱ्या दिवशी माझ्या पोटातल्या पिशव्या काढायलासुद्धा ती आली नाही, बसलिंगप्पानंच काढल्या.

गावात काय झालं ते मला बसलिंगप्पानं सांगितलं, त्याची बहीण तिथंच दिलेली आहे. संध्याकाळी डेअरीवर दुधाची रांग लागली असताना राजूबाई उभी राहिली. म्हणाली, "मी शपथ घेतली व्हती ती खोटी निघाली. वानऱ्याच्या कुशीला भोक हाय. मी हात घालून बघितलं. मला पाच वर्षं भिंतीची बाजू दाखवली न्हाई. आन् भोक पाडणाऱ्या बाईनं आज सगळ्यांम्होरं खरं सांगितलं, दुखलं तेबी सांगितलं. दोन्ही सांगायलेय. एकच उचलून न्यायचं न्हाई कुणी."

"मग आम्ही वासरं दिली ती तुझ्या बोलण्यावर?" मृत्युंजय नावाचा शेतकरी तापला. त्याचं वासरू केंद्रात होतं.

"व्हय, माझ्या बोलण्यावर. म्हणून तर म्हणायलेय, उद्या टेम्पो करा. मी म्होरं बसते."

आले. सतरा माणसं, एका टेम्पोत. साहेब आतून कडी लावून खिडकीच्या फटीतून बघत होते. दगड कुणी आणले नव्हते. प्रश्न आणले होते, ते जास्त वेळ चालले. ह्याला कोण राखतं? रात्री कुणी असतं का? आमच्या वासराला भोक पाडणार का? अन्नपूर्णाबाई उन्हात उभी राहून एकेकाला उत्तर देत होती आणि जिथं माहीत नव्हतं तिथं माहीत नाही म्हणत होती. मृत्युंजयनं वासरू सोडलं आणि घेऊन गेला. कुणी अडवलं नाही. बाकीच्या तिघांनी ठेवलं. एक म्हातारा झाकणातून आत डोकावून म्हणाला, "ह्यापेक्षा माझ्या जावयाला असं एक बसवा, काय खातो ते तरी कळंल." त्या म्हाताऱ्याशी माझं जमलं असतं.

दुपारी साहेब बाहेर आले. राजूबाईनं त्यांनाच विचारलं, "हा मेल्यावर काय करता?"

साहेबांनी अन्नपूर्णाबाईकडं बघितलं. मग ते स्वतःच म्हणाले, "पोट उघडून बघणार, बाई. पोरांना दाखवणार. मग इथंच मागं पुरणार." पहिल्यांदा त्यांनी असं काहीतरी सरळ सांगितलं असावं, कारण सांगून झाल्यावर ते खुर्ची शोधायला लागले.

राजूबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "बरं," म्हणाली. "पर मला आदी सांगा. मेल्यावर न्हाई. टेकलाय असं वाटलं की सांगा. मी येते. मग तुमचं काय ते करा."

बसलिंगप्पानं तिचा फोन नंबर माझ्या गव्हाणीवरच्या भिंतीवर कोळशानं लिहिला. नंतर कुणीतरी तेच आकडे रंगानं गिरवले.

याला दोन वर्षं झाली. आता नवीन जनावर घ्यायच्या आधी मालकाला इथं आणतात, माझं झाकण काढून दाखवतात, सगळं सांगतात. मागच्या उन्हाळ्यात आठ जण आले, पाच जण जनावर घेऊन परत गेले. साहेब हळहळतात. अन्नपूर्णाबाई म्हणते, तिघांनी बघून दिलं. तिनं परत माझ्याशी बोलायला सुरुवात केली आहे. फोन मात्र अजून पोटात हात असतानाच करते, ते काही सुटलं नाही.

तुम्हाला एवढंच सांगतो. आलात तर नुसते फोटो काढून जाऊ नका. दुखलं का, म्हणून विचारा. मला नाही, मला सांगता येत नाही. हात घालणाऱ्याला विचारा. आणि तुमच्यात कुणी हात घालणारे असाल, तर विचारायची वाट बघू नका.

आज सकाळी पाणी प्यायला जाताना माझा मागचा पाय घसरला. पडलो. उठता येईना. चौघांनी मिळून उठवलं, तोवर ऊन वर आलं होतं. पाय दुखत असावा, बसलिंगप्पाचं तोंड तसं झालं होतं. अन्नपूर्णाबाईनं पाय चाचपला, सुई दिली, मग भिंतीकडं बघत फोन लावला.

"अक्का, अजून काही न्हाई. उभा हाय. पण आज पडला, म्हणून सांगायला केला."

पलीकडनं राजूबाईचा आवाज आला, मलासुद्धा ऐकू येईल एवढा.

"निघालेच."

बरं, आता सरका तुम्ही. दारात उभं राहू नका, तिला आत यायला जागा द्या.